आईच्या कानासाठी जुनं विंडोज

प्रिय सुवर्णा,

आधी बातमी सांगतो, कारण ती पोटात ठेवून बाकीचं काही लिहिणं मला जमणार नाही. आईला ऐकू येतंय! जेमतेम नाही, नीट ऐकू येतंय. रविवारी सकाळी मशीन कानात घालून तासही झाला नसेल, ती भाजी निवडत बसली होती, आणि डलेस विमानतळावर उतरणारं एक विमान आमच्या छपरावरून गेलं. तिचा हात थांबला. वर बघितलं आणि मला विचारलं, “हे रोज जातं?” मी म्हटलं, आई, दिवसभर जातात, एकामागून एक. तर मला रागावून म्हणते, “मग दीड वर्षात एकदा तरी सांगायचंस की!” मी हसलो, पण पद्मिनीनं स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला. तिला रडायचं असलं की ती नळ सोडते, तुला माहीत आहे.

तू आईशी बोलत नाहीस. मागच्या दोन दिवाळ्यांत तू फोन केलास तो मला, आणि “आई कशी आहे” एवढं विचारून ठेवलास. ती तुझ्या शिकागोपासून दोन तासांच्या विमानावर येऊन राहिली तरी तू आली नाहीस. मी या पत्रात हे माहीत नसल्यासारखं करणार नाही. त्याबद्दल लिहायचंच आहे, पण आधी हे ऐकणं परत कसं आलं ते सांगू दे. ते मला कधी एकदा कुणाला सांगतो असं झालंय, आणि ते कळल्याशिवाय पुढचं तुला पटणारही नाही.

तिचं ते बदामी रंगाचं, कानामागे बसणारं मशीन तुला आठवत असेल. पुण्यात आश्लेषा मॅडमच्या दवाखान्यात आपण दोघंच तिला घेऊन गेलो होतो, तू जिन्यात तिचा हात धरला होतास आणि ती म्हणत होती, “मी बहिरी आहे, पांगळी नाही.” त्या मशीनला आतून शिकवावं लागतं, कुठला आवाज किती मोठा करायचा ते. माणसाचं ऐकणं पुढे आणखी कमी झालं की पुन्हा शिकवायचं. ते संगणकाला वायर लावून करतात. आई इकडे आल्यावर मी तिला हर्नडनच्या दवाखान्यात नेलं. तपासणी झाली. ऐकणं पुष्कळ खाली गेलं होतं, आणि मशीन मात्र जुन्याच हिशेबानं चाललं होतं. तिथल्या बाईंनी नवी मशीनं वापरून बघायला दिली, शेंगदाण्याएवढी. आईच्या बोटांची सांधेदुखी तुला ठाऊक आहे. ती तिच्या बोटांतून निसटून सोफ्याच्या फटीत जायची आणि आम्ही सगळे गुडघ्यांवर बसून शोधायचो. शेवटी तिनं ती पुसून, डबीत नीट ठेवून परत केली. म्हणाली, “यातून सगळी माणसं पत्र्याच्या डब्यात बसून बोलतात.” तिला जुनंच हवं होतं. आणि त्या बाई म्हणाल्या, मशीन तर ठणठणीत आहे, पण त्याला शिकवायचं सॉफ्टवेअर आता कुठल्याच संगणकावर चालत नाही.

मी आश्लेषा मॅडमना फोन लावला. त्यांनी दवाखाना बंद केलाय, कोथरूडला लेकाकडे असतात. त्या म्हणाल्या, “गुरुनाथ, माझ्याकडे सीडी आहे, वायरीची पेटी आहे, तुमच्या आईची जुनी नोंद आहे. नाहीये तो त्या काळचा संगणक. तो तुम्ही उभा करा, पुढचं मी बघते.” सगळं सामान त्यांनी कुणा येणाऱ्याबरोबर पाठवलं, वर्तमानपत्रात गुंडाळून. दोन सीड्या होत्या. एक मशीनच्या सॉफ्टवेअरची, आणि एक त्यांच्या दवाखान्यातल्या संगणकाची, विंडोज एक्सपी. ते सॉफ्टवेअर फक्त त्या एक्सपीवरच चालतं. मी सीडी हातात घेऊन लॅपटॉपच्या चारही कडा चाचपल्या. सीडी घालायला जागाच नाही! हल्लीच्या लॅपटॉपला ती नसतेच. पद्मिनी मागून म्हणाली, “अहो, पोस्टाची पेटी शोधताय का?”

आता तुला वाटेल, दादा तर कंप्युटरमध्ये आहे. अगं, मी पंचवीस वर्षं डेटाबेस सांभाळले. विम्याच्या कंपनीचे तक्ते, त्यांची दुरुस्ती, एवढंच माझं जग. स्वतःच्या हातानं विंडोज घालून मला किती वर्षं झाली असतील! आमच्या ऑफिसात ऋषी म्हणून नागपूरचा एक जण आहे, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान, सगळं त्याला विचारायचं अशी पद्धतच पडलीय. त्याला म्हटलं, जुना संगणक कुठे मिळेल रे? तो म्हणाला, “यार दादा, जुना संगणक काय करता? लॅपटॉपच्या पोटातच एक जुना संगणक मानून घ्या. व्हर्च्युअल मशीन. फुकट आहे.” म्हणजे एक प्रोग्रॅम असतो, तो तुझ्या लॅपटॉपच्या आत दुसरा संगणक असल्याचं नाटक करतो. त्याला स्मरणशक्ती, हार्ड डिस्क, सगळं आपण नेमून द्यायचं. प्रत्यक्षात काहीच नाही, पण आत घातलेल्या विंडोजला ते कळत नाही. ते बिचारं खऱ्या पेटीत बसलोय असं समजून कामाला लागतं.

आणि सीडीचं काय? तिचीही अशीच सोय. सीडीची हुबेहूब नक्कल एका फाईलमध्ये उतरवायची, आणि मानलेल्या संगणकाच्या मानलेल्या खाचेत ती फाईल ठेवायची. तबकडी नाही, खाच नाही, तरी सीडी आत गेलेली. ऋषी हे सांगत होता आणि मला आपले नाना दिसत होते. शेवटच्या वर्षी त्यांना उठवत नव्हतं तेव्हा ते पडल्या पडल्या मानसपूजा करायचे. डोळे मिटून देवाला आधी पाणी, मग गंध, मग फुलं. फुलं कुठली ते बोटांवरून कळायचं, जास्वंदीला हात जरा उंच जायचा. एकदा तू चहा घेऊन गेलीस आणि ते म्हणाले, “थांब, नैवेद्य व्हायचाय,” आणि तू कप हातात धरून तशीच उभी राहिलीस. त्या पूजेत काही खोटं नव्हतं. मला एकदम धीर आला. म्हटलं, नानांना जे जमत होतं ते आपल्याला जमायला हरकत नाही.

पण नक्कल उतरवायला एकदा तरी खरी खाच लागतेच. बाहेरून जोडायची एक स्वस्तातली मागवली, ती आमच्या चरे पडलेल्या सीड्यांवर नुसती घरघरत बसली. मग आठवलं, मंडळाच्या मराठी शाळेत एक जुना डेस्कटॉप आहे, मुलांना बडबडगीतं लावायला आणलेला. रविवारी शाळा सुटल्यावर शाळा चालवणाऱ्या राधिकाताईंकडून किल्ली घेतली आणि गणपतीच्या मखराच्या थर्माकोलमागून तो बाहेर काढला. त्याच्यावर विंडोज नवंच होतं, त्यामुळे सॉफ्टवेअरला त्याचा उपयोग नव्हता, पण खाच मात्र जुनी, दणकट. तिनं दोन्ही सीड्या एका दमात वाचल्या! मी पेन ड्राइव्ह खिशात घालून घरी आलो तेव्हा लहानपणी जत्रेतून फुगा आणताना चालायचो तसा चालत होतो. फुटेल म्हणून हळू आणि दाखवायचाय म्हणून भरभर.

मानलेला संगणक तयार केला, नक्कल खाचेत ठेवली, चालू केला. काळा पडदा, पांढरी अक्षरं. एक ओळ आली, सीडीवरून सुरू करण्यासाठी कोणतीही कळ दाबा. दाबली. निळा पडदा आला, फाईली भरल्या, मग संगणक आपणहून बंद होऊन पुन्हा सुरू झाला. पुन्हा तीच ओळ, कोणतीही कळ दाबा. पुन्हा दाबली. पुन्हा निळा पडदा, पुन्हा पहिल्यापासून सगळं! मला वाटलं, काहीतरी राहिलं असेल. जास्त काळजीनं केलं. परत तेच. एक अख्खी संध्याकाळ आणि दुसऱ्या दिवशीची संध्याकाळ मी विंडोज घालत होतो आणि ते सारखं उंबऱ्यावरच येऊन बसत होतं. आई शेजारी खुर्चीत बसून बघायची. तिला वाटायचं, हा निळा पडदा म्हणजेच माझं काम. कौतुकानं मान हलवायची.

ऋषीला फोटो पाठवला. त्याचा लगेच फोन. हसता हसता त्याला बोलता येईना. “दादा, तुम्ही दर वेळी कळ दाबता?” मी म्हटलं, तो सांगतोय ना, दाबा म्हणून! तो म्हणाला, “अहो, तो सांगत नाहीये, विचारतोय! पहिल्यांदा हो म्हणायचं. पुढच्या वेळी गप्प बसायचं. वाट बघून तो आपला आपण पुढे जातो.” सुवर्णा, तूच सांग, भोसले गुरुजींच्या वर्गात शिकलेल्या माणसाला हे कसं कळावं? फळ्यावर ‘उभे राहा’ असं लिहिलं तरी उभे राहणारे आपण! अमेरिकेत येऊन इतकी वर्षं झाली, साहेबाला ‘नाही’ म्हणायला शिकलो, पण पडद्यावर ‘दाबा’ आलं की बोट आपोआप पुढे जातं. त्या दिवशी मी दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसलो. ओळ आली. ठिपके सरकले. मी काहीच केलं नाही. ओळ गेली, आणि विंडोजचं चिन्ह उमटलं! मी इतक्या जोरात “झालं!” ओरडलो की पद्मिनी जिन्यावरून धावत खाली आली. पुढे अर्धाएक तास आणखी लागला, आणि मग पडद्यावर ती हिरवी टेकडी आली. निळं आभाळ, पांढरे ढग. तालुक्याच्या कंप्युटर क्लासमध्ये ती पहिल्यांदा बघून तू म्हणाली होतीस, “ही तर आपल्या शाळेमागची, श्रावणातली.” मी बराच वेळ ती बघत बसलो. नव्या लॅपटॉपच्या मधोमध एका चौकोनात आपला जुना काळ चालू होता, अगदी घड्याळासकट.

वायरीच्या पेटीनं थोडं रडवलं. तिचं तोंड जुन्या पद्धतीचं, त्याला जोड आणली, आणि ही जोड बाहेरच्या नाही, आतल्या संगणकाची आहे हे लॅपटॉपला पटवून द्यावं लागलं. ते ऋषीनं पुढच्या रविवारी घरी येऊन केलं आणि बदल्यात पोहे खाल्ले. मग आश्लेषा मॅडम व्हिडिओवर आल्या, तिकडे संध्याकाळ होती. मशीनची बॅटरी काढून तिच्या जागी वायरीच्या टोकाची खोटी बॅटरी बसवली आणि मशीन आईच्या कानामागे ठेवलं. पडद्यावर तिच्या ऐकण्याची रेघ आली. इथल्या बाईंनी केलेल्या तपासणीचे आकडे मी वाचत होतो, मॅडम सांगत होत्या, हे एक घर वर, हे राहू दे, हे फार नको, कर्कश होईल. मी एकेक खुंटी सरकवत होतो. देवघरात दिवा लावूनच बसलो होतो. देवाकडे काही मागितलं नाही, फक्त एखादी खुंटी चुकू देऊ नकोस एवढं म्हटलं. शेवटी मॅडम म्हणाल्या, “आता सेव्ह करा आणि कुणीतरी काहीतरी बोला.” ऋषीनं घसा खाकरला. पद्मिनी केस मागे घ्यायला हात वर करते न करते तोच आई म्हणाली, “पद्मिनी, तुझ्या बांगड्या वाजतात गं.”

त्यानंतरचा आठवडा या घरात सणासारखा गेला. आई सगळ्यांचे आवाज वेचत फिरतेय. फ्रीज गुणगुणतो, हा तिचा शोध. तळ्यावरची बदकं रोज संध्याकाळी भांडतात, आणि त्यातल्या एकीचा आवाज तुकाकाकूसारखा आहे म्हणे. रुचा कॉलेजातून घरी आली तेव्हा मजा झाली. तिच्या इंग्रजी-मराठीला आई इतके दिवस हसून “हो हो, व्हेरी गुड” म्हणायची. आता तिनं नातीला समोर बसवलं आणि सांगितलं, “बाळ, मी तुला नुसतंच व्हेरी गुड म्हणत होते. तू काय बोलायचीस ते मला येतच नव्हतं ऐकू.” रुचा म्हणाली, “आज्जी, आय न्यू!” आणि दोघी हसत सुटल्या. मी मात्र हसता हसता थांबलो. आज्जी न ऐकताच हो म्हणते हे रुचाला कळलं होतं. मला नव्हतं कळलं. मी आईला विचारलं, असं किती दिवस चाललं होतं?

तिनं मशीन काढून पदरानं पुसलं, परत लावलं. मग म्हणाली, “इकडे यायच्याही आधीपासून.” गावाला असतानाच तिला फोनवरचं काही कळेनासं झालं होतं. समोरच्या माणसाचे ओठ दिसतात, फोनला ओठ नसतात. पण कुणाला सांगायचं नाही. नाना नुकते गेलेले, मुलं दोन्ही परदेशात, त्यात मी बहिरी झाले म्हणून आणखी एक काळजी कशाला, असं तिच्या मनात. म्हणून ज्याचा फोन येईल त्याला “बरं बरं, ठेव आता” म्हणायचं. माझ्या फोनचं चालून जायचं, मी नेहमी तेच बोलतो, जेवलीस का, गोळ्या घेतल्यास का. मग ती तुझ्या फोनबद्दल बोलली. प्रतापचं घर सोडलंस त्या दिवशी तू केलेल्या. सुवर्णा, तू मला तेव्हा एवढंच सांगितलं होतंस, “आईनं बरं म्हणून फोन ठेवला, दादा. मला कळलं काय कळायचं ते.” मीही तेच समजून चाललो, की तिला तुझं वेगळं होणं मान्य नाही, आणि काळानं होईल. तिच्या बाजूनं काय झालं ते आता ऐक. तिला तुझा एकही शब्द ऐकू आला नव्हता. तू घर सोडलंस हे तिला महिन्यानं काकांकडून कळलं. मग तुझा फोन येईना, तेव्हा तिला वाटलं, तू जे काही सांगितलंस त्याला तिनं नुसतं बरं म्हटलं म्हणून तू दुखावलीस. विचारायचं तर आधी बहिरेपण कबूल करावं लागणार. आणि विचारलं तरी तुझं उत्तर कुठे ऐकू येणार होतं?

म्हणून हे पत्र, बाई. माझ्या विंडोजच्या पराक्रमासाठी नाही, जरी मला तो सांगायची हौस होती हे खरंच. आईनंच लिहायला सांगितलं. म्हणाली, “तू फोन केलास तर तिला वाटेल, मी तुला पढवलंय. लिही, म्हणजे ती एकटी बसून वाचेल.” तिचा निरोप तिच्याच शब्दांत देतो. “ती बराच वेळ बोलत होती. शेवटी तिचा आवाज वर गेला आणि थांबला. म्हणजे तिनं मला काहीतरी विचारलं होतं. काय विचारलं ते माझ्यापर्यंत आलं नाही. तिला म्हणावं, परत एकदा विचार.” तू काय विचारलं होतंस ते मलाही सांगितलेलं नाहीस आणि मला कळायचंही कारण नाही. तिचं उत्तर काय असेल तेही मी सांगू शकत नाही, ते तिचं आहे. पण ते अजून दिलं गेलेलं नाही, एवढं मी तुला लिहून देतो. तेव्हा फोन कर, माझ्या नाही, घरच्या नंबरवर. तीच उचलेल, मी तिला उचलायला शिकवलंय. मशीन उजव्या कानात आहे आणि फोन त्याच्यापाशी नीट धरायला तिला दोन क्षण लागतात, तेवढं थांब, ती गप्प आहे असं समजू नकोस. आणि ओरडून बोलू नकोस. आता त्याची गरज नाही.

तुझाच आणि तिच्या वतीनंही,
गुरुदादा